अकराव्या महिन्याची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. टेमघरच्या केसरीनाथांच्या घराला, फाटकाशेजारी मला टांगायचे. 'खोली भाड्याने देणे आहे, फक्त फॅमिली' एवढंच माझ्या अंगावर लिहिलंय. मी कामावर आले की खोली रिकामी व्हायची, आणि मी रिकामी असले की खोली भरलेली. असलं उफराटं नशीब दुसऱ्या कुणाचं असेल तर सांगा बुवा!

माझा जन्म तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून झाला. ट्रकवर मोर काढणाऱ्या लडकू पेंटरनं मला लाल रंगात लिहिलं, आणि हौसेनं कोपऱ्यात एक कमळही काढलं. येणारेजाणारे थांबून कौतुक करायचे. आमची गल्ली फार शांत, त्यामुळे भाडेकरू झटकन मिळतात. पण करार अकरा महिन्यांचा! तो संपला की ते जायचे. म्हणून केसरीनाथांना सवयच लागली. अकरावा महिना आला, की कुणाला न विचारता मला पुसायचं आणि खिळ्याला अडकवायचं. बाकीचे दिवस मी मीटरच्या खोक्यामागे धूळ खात पडायची.

गेल्या वर्षी गणेशपुरीकडची नेत्रा राहायला आली. नवरा दीपेश राहनाळच्या गोदामात शिफ्टला, लेक दिशा तीन वर्षांची. घरमालकीण धोंडूबाई, म्हणजे सगळ्या गल्लीच्या आक्का. त्यांना या पोरीनं पार वेड लावलं. दिशा जेवायची आक्कांच्या ताटात आणि झोपायची आक्कांच्या मांडीवर. आणि अकरावा महिना लागताच केसरीनाथांनी मला टांगलं!

मला वाचून नेत्राचा चेहरा उतरला. "घर त्यांचं, आपण काय बोलणार?" असं दीपेशला म्हणून तिनं मुकाट्यानं भांडी गोणीत भरायला घेतली. ते पाहून आक्कांना वाटलं, ही निघाली. "जायचं तं जाऊ दे, मी न्हाय अडवनार," म्हणत त्या फुगून बसल्या. दोघी आतल्या आत रडत होत्या, पण विचारायला एकीचीही जीभ रेटेना. मित्रांनो, मला माझीच लाज वाटली.

रविवारी एक जोडपं खोली बघायला आलं. आक्का पदर खोचून पुढे झाल्या.

"बघा खोली, पन आधीच सांगते. पानी येत न्हाय. भिंतीला ओल हाय. आनि बाजूला कापडाचा लूम हाय, रातभर खटखट!"

नेत्रा आतून धावत आली. "आक्का, अहो पाणी तर रोज येतं! आणि इथं कुठला आलाय लूम?"

"तू गप बस गो!" आक्का खेकसल्या. "त्यांना खोली आवडली तं माझी दिशा कुठं जाईल?"

"पण पाटी तर तुम्हीच लावलीत ना?"

"मी? मी कशाला लावू? तूच भांडी भरायला घेतलीस!"

दोघींनी एकदमच केसरीनाथांकडे पाहिलं. ते डोकं खाजवत म्हणाले, "अकरावा महिना लागला ना... नेहमीची सवय हो!"

"आग लागो तुमच्या सवयीला!" आक्का कडाडल्या.

ते जोडपंच आधी हसलं, मग सगळेच. आक्कांनी त्यांना चहा पाजला आणि पलीकडच्या गल्लीतली खोली दाखवायला केसरीनाथांना सोबत धाडलं. नेत्रानं गोणी जागेवरच उपडी केली. मला खाली उतरवलं तेव्हा दिशानं वरणाचा डाव घेऊन मला मनसोक्त बडवलं, आणि खरं सांगते, तेवढा आनंद मला लडकूच्या रंगानंही झाला नव्हता.

हल्ली मी आक्कांच्या पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून असते. पत्र्याला तोंड नसतं, मित्रांनो. तुम्हाला आहे, तेव्हा ते वापरा. आपलं माणूस निघालं असं वाटलं, तर रुसायच्या आधी त्याला विचारा. नेत्रानं पहिल्याच दिवशी विचारलं असतं, "आक्का, आम्ही राहू का?" तर आक्कांनी तिला आधी दोन शिव्या घातल्या असत्या, आणि मग जेवायला वाढलं असतं.