एक सेंटिमीटर

मी एक जुनी मीटरपट्टी आहे. चौथीच्या वर्गात फळ्याशेजारच्या खिळ्यावर मी लटकते. शाळेचे पहिले बाक बनले, तेव्हा उरलेल्या फळीतून शाळेसमोरच्या म्हाताऱ्या सुताराने मला घडवले, रंधा मारून गुळगुळीत केले आणि माझ्या अंगावर एकापासून शंभरापर्यंत आकडे कोरले. शून्याची रेघ काही त्याने काढली नाही. तो म्हणाला, "हिचं टोक म्हणजेच शून्य."

मित्रांनो, त्या वर्गात माझा शब्द म्हणजे शेवटचा शब्द! दोन मुले मापावरून भांडली की गुरुजी म्हणायचे, "आणा रे पट्टी." मग वादच संपायचा. या मानामुळे मी जरा शेफारलेच होते. गुरुजींना मात्र एक खोड होती. वर्ग गप्प करायला ते मला जमिनीवर ठकठक आपटायचे. वर्षानुवर्षे आपटून माझे टोक झिजत गेले आणि शून्यापासून एकापर्यंतचा माझा भाग नाहीसा झाला. ते कुणाच्या लक्षात आले नाही. मला माहीत होते, पण मी कशाला सांगू?

गुरुजी गेले, बाई आल्या. त्यांच्या वर्गात शिंप्याची मुलगी होती. गणिताच्या तासाला तिच्या तोंडाला कुलूप. पालकांच्या बैठकीला शिंपी कधी फिरकायचा नाही. एकदा माझी अडकवायची दोरी तुटली, तेव्हा नवी शिवून घ्यायला बाई मला काखोटीला मारून त्याच्या दुकानात गेल्या.

शिंपी मशीनवरून उठला. "बाई, गणिताचं डोकं नाही हो तिला. एवढं वर्ष झालं की दुकानातच बसवतो."

तेवढ्यात मुलीने गळ्यातली टेप काढली आणि एका गिऱ्हाइकाचा हात मापला. "बाबा, बाही सव्वाबावीस इंच. दोन्हींचे साडेचव्वेचाळीस, दुमडीला तीन. साडेसत्तेचाळीस."

बाई बघतच राहिल्या. शाळेत दोन नि तीन मिळवताना अडखळणारी ती हीच का?

"शनिवारी तुम्ही वर्गात या. टेप घेऊन," बाई शिंप्याला म्हणाल्या.

"काय केलं हिनं?"

"काही नाही केलं. तुम्ही शिकवायला या."

"मी? बाई, मी स्वतः चौथीत शाळा सोडली."

"मग चौथीतच या," बाई हसल्या.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी सरळ, ताठ, सागवानी. आणि ती टेप? लुळी, पिवळी, कुणाच्याही गळ्यात पडणारी! घरात सवत यावी तसे मला वाटले.

शनिवारी शिंपी आला. धुवट सदरा घालून दाराशीच अवघडून उभा राहिला. मागच्या बाजूला सुतारकाका बाक ठोकत होते, मला घडवणाऱ्याचा मुलगा. बाईंनी दोन गट केले. एकाने मला घेऊन मोजायचे, दुसऱ्याने टेपच्या सेंटिमीटरच्या बाजूने. आधी वर्गाच्या दाराची रुंदी.

माझ्या गटाने सांगितले, "पंच्याऐंशी."

शिंप्याची मुलगी म्हणाली, "चौऱ्याऐंशी."

बाईंनी मला दाराला लावून पाहिले आणि फळ्यावरच्या चौऱ्याऐंशीवर फुली मारली. पोरे खिदळली. मुलीने पुन्हा मोजले. पुन्हा चौऱ्याऐंशी. शिंप्याचा चेहरा पडला. तो पुढे होऊन हळूच म्हणाला, "बाई, टेप जुनी झालीय. ताणली असेल. चूक आमचीच." आणि मुलीला म्हणाला, "चल. आपलं दुकानच बरं."

खोटे कशाला बोलू, मित्रांनो? मला आनंद झाला. मुलीच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते मला दिसत होते, तरीही आनंद झाला. त्या टेपची जिरली, एवढेच माझ्या मनात होते.

पण मुलगी हलली नाही. तिने मला टेबलावर आडवे ठेवले आणि शंभराला शंभर जुळवून टेप माझ्या अंगावर पसरली. तिचे बोट एकेक आकडा मागे येत माझ्या झिजल्या टोकाशी थांबले. टेपचा एक सेंटिमीटर माझ्या पुढे टेबलावर उरला होता.

"बाई, हिचा एक तर काठावरच आहे. त्याच्या आधीचं कुठं गेलं?"

बाईंनी मला डोळ्यांजवळ धरले. मग फळ्यावरची फुली पुसली आणि सगळ्यांदेखत शिंप्याला म्हणाल्या, "चूक आमची होती. किती वर्षांची, कोण जाणे."

लाजेने मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. आता माझी रवानगी अडगळीत, हे मी ओळखले. पण सुतारकाका हातोडी ठेवून आले आणि माझ्या अंगावरून अंगठा फिरवत म्हणाले, "माझ्या बापाच्या हातची आहे ही. टाकू नका. टोक झिजलं की आम्ही दहापासून धरतो आणि शेवटी दहा वजा करतो."

मुलीने मला दाराला लावले, दहापासून. "चौऱ्याण्णव. वजा दहा, चौऱ्याऐंशी!"

शिंप्याने डोळे पुसले आणि टेप तिच्याच गळ्यात घातली. "सोमवारी वेळेवर ये शाळेत," तो म्हणाला. "दुकान काही पळून जात नाही."

आता दर शनिवारी कुणाचे ना कुणाचे आईवडील वर्गात येतात. शिंपी आला की टेप माझ्याच खिळ्यावर टांगतो. अजूनही माझ्या पोटात दुखते, पण पूर्वीपेक्षा कमी. ती नसती, तर मी आणखी किती मुलांना चुकीचे ठरवले असते?

म्हणून मित्रांनो, मला जमिनीवर आपटू नका. आणि कुणाचे उत्तर वेगळे आले, तर फुली मारायच्या आधी माझे टोक एकदा बघा.