फाटकाची कडी

शलाकाने फाटकाची कडी खणाखणा वाजवली आणि लेकीला, स्वानंदीला, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. आतून लगेच भुंकणं उसळलं. रोजच्यासारखंच तिने गाल फुगवून श्वास रोखला आणि डोळे मिटले.

"बंदे, बंदे, आलो," म्हणत घरमालक भीमाचार्य धोतर सावरत आले. त्यांनी काळ्याभोर डॉबरमनच्या पट्ट्यात बोटं घातली, त्याला जिन्यामागच्या खांबाशी ओढत नेलं आणि साखळी अडकवली.

"या अम्मा. बांधला मुत्तुला."

भिंतीला अंग घासत शलाका जिन्याकडे सरकली. मुत्तु गुरगुरत होता. एरवी कुणावर नाही, फक्त तिच्यावर.

नागपूरहून नवऱ्याची, आशयची, इकडे कानडी मुलखात बदली झाली तेव्हा जयनगरमधलं हे वरच्या मजल्याचं घर मोठ्या नशिबानं मिळालं होतं. खाली कुत्रा आहे, हे सामान उतरवताना कळलं. पहिल्याच आठवड्यात शलाकाने रीत घालून दिली. येताना ती फाटकाची कडी वाजवील, जाताना जिन्यावरच्या दाराची. मग आचार्यांनी कुत्रा बांधायचा. "सरी, बरं," आचार्य म्हणाले होते. हुबळीत मराठी शाळेत शिकलेले ते. अडखळत का होईना, तिच्याशी मराठीतच बोलायचे.

"ही जातच चावरी," ती आशयला म्हणायची.

"अगं, रोज दहीभात खातो तो. चावेल कशाला?"

"माणसं दहीभात खाऊन कमी चावतात का?"

आचार्यांचं म्हणणं वेगळं होतं. "जात मुलानं आणली, अम्मा, आणि तो गेला अमेरिकेला. वळण मी लावलं. घर जसं, तसं कुत्रं."

"मग माझ्यावरच का गुरगुरतो?"

आचार्य कुंडीतल्या लाजाळूला पाणी घालू लागले. स्वानंदी येता-जाता तिला हात लावायची.

मग मागच्या आठवड्यात साखळीचा आकडा निसटला. मुत्तुचं तोंड स्वानंदीच्या लोंबत्या पायापर्यंत आलं आणि आचार्यांनी त्याला कसंबसं मागे खेचलं. दात लागले नव्हते. तरी त्या रात्री शलाकाने लेकीचं पाऊल दिव्याखाली पुन्हापुन्हा उलटून पाहिलं. सकाळी ती खाली गेली.

"आम्ही घर बघतो दुसरं. नाहीतर—"

आचार्यांनी तिला पुरतं बोलूच दिलं नाही. "लेकरू आधी," ते म्हणाले. बोम्मसंद्र्याला त्यांच्या ओळखीच्या एकाचा कारखाना होता. तिथे राखणीला कुत्रा हवाच होता. दिवसभर साखळीला, रात्री मोकळा. शनिवारी टेम्पो येणार होता.

शनिवारी दुपारी शलाका गच्चीत कपडे वाळत घालत होती. आज सुटका, असं ती मनाशी म्हणत होती. खाली मुत्तु मोकळाच उन्हात पसरला होता. फुलवाली कोपरानं फाटक ढकलून आत आली, खिडकीत गजरा ठेवून गेली. मुत्तुने नुसता एक कान हलवला.

तेवढ्यात मागे खणाखणा वाजलं.

स्वानंदी चवड्यांवर उभी राहून जिन्यावरच्या दाराची कडी वाजवत होती. गाल फुगवून, श्वास रोखून, डोळे घट्ट मिटून. शलाकाला पाहताच ती फुस्सकन हसली.

"आई, मी तू झाले."

खाली मुत्तु ताडकन उठला होता. शलाका कठड्यावरून वाकली. तो जिन्याकडे झेपावत नव्हता. शेपूट पायांत घालून मागे मागे सरकत होता, खांबापर्यंत. साखळी लोंबत होती तिथे तो जाऊन उभा राहिला, मान आखडून, गुरगुरत. त्याला बांधायला अजून कुणी आलंही नव्हतं.

कडी वाजली की साखळी, एवढंच तो शिकला होता. शलाकाचा हात आपसूक स्वतःच्या गळ्याशी गेला.

रस्त्यावर टेम्पो थांबला. दोर घेतलेला माणूस आत आला. आचार्यांनी वर पाहिलं. डोळे लाल होते.

"अम्मा, स्वल्प थांबा वरच. हा गेला की या. आता कडी वाजवायला नको."

ती दाराशी आली. सवयीनं बोटं कडीवर गेली आणि तिथेच थांबली. तिने दार हळूच ओढलं, स्वानंदीचा हात धरला आणि उतरू लागली. पायरीगणिक तिला ते लोंबतं पाऊल दिसत होतं. आपलं चुकत असेल तर? परत फिरावं का?

"आई, दुखतंय," स्वानंदी म्हणाली.

शलाकाने मूठ सैल केली.

अंगणात मुत्तुने मान वळवली. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. मग पुढे आला, अगदी जवळ. तिच्या पोटऱ्यांना त्याचा गरम श्वास लागला. तिने ओठ दाताखाली धरला. मुत्तुने साडीचा काठ हुंगला, स्वानंदीची चप्पल हुंगली आणि परत जाऊन उन्हात बसला.

"ले जाऊँ?" दोरवाल्यानं विचारलं.

"आज राहू द्या," शलाका म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. आचार्य दोरवाल्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला टेम्पोपर्यंत सोडायला गेले.

ती मागोमाग फाटकाबाहेर आली. परत आत जायचं होतं, या वेळी कडी न वाजवता. तेवढ्यात स्वानंदीने गाल फुगवले, चवडे उंचावले आणि कडी उचलली.

शलाकाने कडी आणि लोखंडाच्या मध्ये आपली बोटं घातली. कडी बोटांवर बसली. कळ मस्तकात गेली, पण आवाज झाला नाही.

आत मुत्तुने डोळेसुद्धा उघडले नाहीत.