सुनावणीचा माईक

मित्रांनो, सरकारी कचेरीच्या कपाटात, फाटक्या फायलींना टेकून, वायर गुंडाळून ठेवलेला माईक तो मीच. कारखान्यातून आलो तेव्हा माझी जाळी चांदीसारखी लखलखत होती. "काय खणखणीत आवाज आहे!" म्हणत लिपिकभाऊ मला रोज फडक्याने पुसत. मीही फुशारून जायचो.

दर पाच वर्षांनी आमच्या सभागृहात सुनावणी व्हायची. ज्यांना शिकायला, बोलायला जन्मापासून जड जातं, त्यांना सरकारने कोणती मदत द्यावी, हे लोक सांगत. त्यावरून आराखडा ठरे.

एका वर्षी शिवणकाम करणारी एक म्हातारी चाळिशीतल्या लेकीला घेऊन आली. "साहेब, माझी सत्तरी उलटली. माझ्यामागे हिचं कसं, या घोरानं डोळ्याला डोळा लागत नाही. पण तिचं तिलाच सांगू द्या."

लेकीने मला दोन्ही हातांनी धरलं. तळवे घामेजले होते. "मला... आपल्याच... घरी..." एकेक शब्द जिभेवर यायला वेळ लागत होता. मागे कुणीतरी खाकरलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

"ताई, तुमची तीन मिनिटं झाली. उरलेलं लिहून द्या."

तिला लिहिता येत नव्हतं. लिपिकभाऊंनी माझं बटण बंद केलं आणि पुढचं नाव पुकारलं. ती मात्र बोलतच राहिली. "चहा येतो मला. कपडे धुते. रोज कुणी... एकदा... बघून जावं. बस." ते फक्त शेजारी उभ्या आईने ऐकलं, आणि मी.

आराखड्यात गावाबाहेरच्या मोठ्या निवासगृहाला मंजुरी मिळाली. घरी येऊन बघून जाणाऱ्या माणसाबद्दल त्यात एक ओळही नव्हती.

पुढच्या सुनावणीला तिचे मामा आले. आई वारली होती. "भाचीला निवासगृहात नेलं," ते म्हणाले. "दिवसभर चपला घालून दाराशी उभी असते. आता बोलतच नाही."

साहेब खरंच हळहळले. "तिला काय हवं होतं, मामा?"

"बहिणीला ठाऊक होतं, साहेब. मी कधी विचारलंच नाही."

मला ठाऊक होतं. पण आमची जात दुसऱ्याच्या तोंडचे शब्द बोलणारी. स्वतःचा शब्द मी कुठून आणू?

पुढे नवे माईक आले आणि मी अडगळीत गेलो. मित्रांनो, माझ्यावर धूळ बसते, त्याचं काही नाही. पण कुणाचं बोलणं अडखळत असेल, तर वाक्य पुरं होईस्तोवर थांबा. तिला फार तर आणखी एक मिनिट लागलं असतं.