पिशवीतलं मूळ

"तू जातेस तेव्हा बाबा छानच असतात गं. तू नसतेस तेव्हाचे बघ कधीतरी," ताई फोनवर म्हणाली होती. धाकटीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. ताई राहणार दूरदेशी. लांब बसून काळजी करायला काय जातंय? दर रविवारी तान्ह्या लेकीला कडेवर घेऊन, डब्यांची पिशवी सांभाळत बाबांकडे जाणारी तर तीच होती.

आई गेल्यापासून बाबा खाणकामगारांच्या जुन्या वसाहतीत एकटेच राहत. रविवारी दाढी घोटलेली, शर्टाला इस्त्री, नातीसाठी मांडी तयार. मागच्या खेपेचे डबे घासूनपुसून टेबलावर ठेवलेले.

"वाळलात हो बाबा," ती म्हणायची.

"झाडांची पाहणी कर बाई, माझी नको. मला काय टँकरने पाणी घालतेस?"

ती हसायची. रिकामे डबे पिशवीत भरले की तिचा जीव भांड्यात पडायचा.

झाडांची पाहणी हेच तिचं काम. खाण बंद पडली आणि उपसलेल्या दगडमातीचा डोंगर मागे राहिला. त्यावर चांगली माती पसरून कंपनीने झाडं लावली. ती खरंच रुजली की नाही, हे तपासून तिने सही करायची.

त्या बुधवारी कंपनीचा माणूस तिच्या मागेमागे फिरत होता. "मॅडम, एवढं हिरवंगार आहे. आता आणखी काय बघायचं?"

"टँकर अजून येतो ना?"

"येतो की. आठवड्यातून एकदा, न चुकता."

"मग मी तुमचा टँकर मोजतेय, झाडं नाही. आधी पाणी तोडा. दोन उन्हाळे जाऊ द्या, मग बोलू."

तो ओशाळून हसला. तिने लोखंडी चौकट जमिनीवर टाकली आणि आतली रोपं मोजली. हिरवळ दाट होती. मग एका रोपाला खुरपं लावलं, तर ते अलगद वरच आलं. मुळं स्वतःभोवती गोल गुंडाळलेली, रोपवाटिकेच्या पिशवीचा आकार जसाच्या तसा. पिशवी केव्हाच काढून टाकलेली, तरी मूळ काही बाहेर पडलं नव्हतं.

"हे अजून पिशवीतच जगतंय," ती म्हणाली. आठवड्यातून एकदा, न चुकता. ताईचं बोलणं आत्ता कुठे तिच्या कानात शिरलं.

चौकट तिथेच टाकून ती डोंगर उतरली. वसाहत पायथ्याशीच होती.

बाबांनी बऱ्याच वेळाने दार उघडलं. दाढीचे खुंट वाढलेले, शर्टाची बटणं खालीवर. "आज रविवार?" ते गोंधळले. "थांब हं, मी जरा आवरतो."

"बुधवार आहे, बाबा."

फ्रिजमध्ये रविवारचे डबे होते. एकाचंही झाकण उघडलेलं नव्हतं.

"टाकून देता?"

"मागच्या गल्लीत कुत्री आहेत, त्यांना घालतो. वाया नाही जाऊ देत." ते चोरी पकडल्यासारखे खाली बघत राहिले. "तू तान्ह्या पोरीला सांभाळून एवढं रांधतेस, तुला कशाला वाईट वाटू द्यायचं? मला भूकच लागत नाही गं. तुझी आई पानं घेतली म्हणून हाक मारायची, तेव्हा लागायची."

त्याच दिवशी तिने त्यांना आपल्या घरी आणलं. डॉक्टर म्हणाले, शरीर आतून पोखरलंय, उशीर झाला. नात समोर बसली की ते दोन घास घ्यायचे, पण तेवढ्याने काय होणार? पुढचा उन्हाळा त्यांनी पाहिला नाही. भेटायला आलेले सगळे म्हणत, "आम्हाला तर ठणठणीत दिसायचे." ती कुणावर चिडणार? तिलाही तसेच दिसले होते.

ताई आली, रडली, परत गेली. "मी सांगितलं होतं" असं चुकूनसुद्धा म्हणाली नाही. आता तीच फोनवर रोज "मी मजेत" म्हणते, आणि इकडे धाकटीचा डोळ्याला डोळा लागत नाही.

तुमचंही असं कुणी असेल, ठरल्या दिवशी हसून दार उघडणारं. त्यांच्याकडे एकदा आडदिवशी जाऊन या. आधी कळवू नका. आणि उभ्या उभ्या परत फिरू नका, त्यांच्या शेजारी जेवायला बसा.