सोमवारी येतो

तर हा गस डोमान्स्की. ओहायोतल्या एका गंजलेल्या पोलादी गावात एकतीस वर्षं पोलिसात, आणि आता नोकरीचे उरलेत दोन दिवस. बुधवारी टेबल आवरतोय, तर समोर वकीलबाई नोरा हॅलोरन. तिचा अशील अर्विन लॅसिटर बावीस वर्षं तुरुंगात सडतोय, एका दुकानदाराच्या खुनासाठी. पकडलेला गसनंच.

"साक्षीदार आजींना तुम्ही सहा फोटो दाखवलेत," नोरा म्हणाली. "अर्विनच्या फोटोवर बोट कुणी ठेवलं?"

"त्यांनीच."

"त्यांनी, की तुम्ही?"

गस खोक्यात सामान भरत राहिला. कारण खरं काय झालेलं, तर आजी दोन फोटोंमध्ये घुटमळत होती आणि गसला पक्की खात्री, अर्विनच आहे म्हणून. तेव्हा तपास करणाराच फोटोही दाखवायचा, सगळीकडे तसंच चालायचं. त्यानं अर्विनच्या फोटोवर अलगद बोट टेकवलं नि म्हणाला, "घाई नाही आजी, नीट बघा." एवढंच. आजी आता मेलीय. खोलीत तिसरं कुणी नव्हतं.

"शुक्रवारी कोर्टात तारीख आहे," नोरा म्हणाली. "त्याच्याविरुद्ध दुसरा पुरावाच नाही. तुम्ही लिहून दिलंत तर तो निर्दोष सुटेल."

"सोमवारी येतो."

"मी शुक्रवार म्हणतेय."

"तारीख वाढवून घ्या की. बावीस वर्षं गेली, तीन दिवसांनी काय बिघडतंय?"

बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं. पण शुक्रवारी त्याचा निरोप समारंभ होता ना. त्यांच्यात शेवटच्या दिवशी वायरलेसवर तुमचा नंबर पुकारतात, गावातल्या सगळ्या गाड्या ऐकत असतात, तुम्ही शेवटचं उत्तर देता. चार वर्षं न बोललेली मुलगी, टेरेसा, खास त्यासाठी येणार होती. बोटाचं कळलं असतं तर हॉलमध्ये कुत्रं फिरकलं नसतं.

शुक्रवारी तीनला नंबर पुकारला. "चारशे बारा, ड्यूटी संपली," गस म्हणाला. टाळ्या, केक, ड्यूटीवरचा जोडीदार बेनी तर ढसाढसा रडला. टेरेसानं मिठी मारली. "मला अभिमान वाटतो, बाबा."

सोमवारी नऊच्या ठोक्याला गस नोराकडे हजर. "घ्या लिहून. बोट माझं होतं."

तिनं पेन उचललंच नाही. "शुक्रवारी जज्जनं तारीख वाढवली नाही. सरकारी वकील अर्विनला म्हणाला, गुन्हा कबूल कर, भोगलेली बावीस वर्षं हीच शिक्षा धरू, नि आजच घरी जा. अर्विनची आई शेवटच्या घटका मोजतेय. मी त्याला म्हटलं, थांब, डोमान्स्की सोमवारी येतो म्हणालाय, पुन्हा अर्ज करू. तो हसला. म्हणाला, त्या माणसाला माझे आणखी तीन दिवस देत नाही मी."

"आणि?"

"त्यानं शपथेवर सांगितलं, खून मीच केला. सही केली. आता मरेपर्यंत खुनी."

"मी जज्जला सांगतो ना, ती कबुली खोटी आहे म्हणून."

"सांगा. म्हणजे खोटी शपथ घेतली म्हणून परत आत घालतील त्याला."

गस तरी लिहीत बसला. दीड पान झालं. सही केली, तारीख घातली.

"हे कुठे देऊ?"

"घरी न्या," नोरा म्हणाली, आणि पुढच्या अशिलाला आत बोलावलं.