गाडी ढकला, रेडिओ चालू आहे

मी एका मोटारीतला जुना स्टिरिओ आहे. जुना म्हणजे पडदा उजळायला जरा वेळ लागतो आणि उन्हात माझं तोंड कुणाला दिसत नाही, एवढाच. आवाज अजून खणखणीत आहे. तेव्हा मित्रांनो, माझी कहाणी सांगताना मी मध्येच मोठ्यानं बोलू लागलो तर दचकू नका. गाडीचा वेग वाढला की माझा आवाज आपोआप चढतो. ही सोय आहे. कुणाची, ते मला अजून कळलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. दुकानातून निवडून आणलेले स्टिरिओ वेगळे. त्यांना कुणीतरी हौसेनं आणलेलं असतं. घराबरोबर जशी जिन्याखालची अडगळ येते, तसा मी गाडीबरोबर आलो. मला घडवणाऱ्या साहेबांनी माझ्यात सोयी भरल्या, आणि भरतच राहिले. चालू झालो की मी आधी एक सूचना दाखवतो: ‘गाडी चालवताना या पडद्याकडे पाहू नये.’ ती वाचायला पडद्याकडे पाहावंच लागतं. मग ‘मान्य’ दाबायचं, तेव्हा कुठे मी पुढचं बोलतो. माझ्या डाव्या अंगाला काही कोरी बटणं आहेत. महागड्या गाड्यांतल्या माझ्या भावंडांच्या त्या बटणांमागे काहीतरी असतं. माझ्या बटणांमागे काहीच नाही. लहान मुलांना तीच सर्वांत आवडतात.

आमचे मालक चष्म्याचं दुकान चालवतात. गाडी घरी आली त्या दिवशी त्यांनी चार माणसांना खिडकीतून वाकायला लावून माझा पडदा दाखवला. ‘नुसत्या बोटानं चालतो!’ असं ते म्हणाले, तेव्हा माझी छाती फुगली. मालकीणबाई दातांच्या डॉक्टर. दवाखान्यातून परतताना त्या मला म्हणायच्या, ‘दिवसभर माणसं आ करून बसतात, पण बोलत एकही नाही. तू तरी बोल रे बाबा.’ आणि मी बोलत असे. ते दिवस सुखाचे होते.

मग एके दिवशी मालकांनी माझ्या तोंडावरच मोबाइलचं स्टँड चिकटवलं. रस्ता मोबाइल सांगे, बातम्या मोबाइल सांगे. गाणं त्याचं आणि घसा माझा. माझा रेडिओ तर कुणाच्या गावीही नव्हता. तीन पानं उलटून, खाली सरकवून, ‘इतर’मध्ये शिरल्यावर तो सापडतो. इतका आत कोण जातो?

आता ऐका, कारण खरी मजा इथे आहे!

मालकांच्या धाकट्या बहिणीला घरात अजून ‘छोटी’ म्हणतात. ही छोटी पन्नाशीला आली आहे. ती शीळ घालते. अशी तशी नाही, अख्खं गाणं, तानांसकट. पण तिचे वडील, म्हणजे अप्पा, आयुष्यभर फुटबॉलच्या मैदानावर पंच होते. शिट्टी वाजली म्हणजे कुणाचं तरी चुकलेलं असतं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. लहानपणी छोटीनं शीळ घातली की ते वर्तमानपत्रातून डोकं वर काढून विचारत, ‘काय चुकलं? कुणाचं चुकलं?’ पोर बिचारी गप्प होई. पुढे ती गच्चीवर जाऊन शीळ घालू लागली, आणि नोकरी लागल्यावर शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेली. अप्पांनी तिचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलं नव्हतं.

तर त्या छोटीला शहरातल्या लहानशा रेडिओ केंद्रानं रविवारी सकाळी बोलावलं. कार्यक्रम थेट. म्हणजे ऐकला तर ऐकला, नाहीतर गेला. त्या केंद्राचं मोबाइलवर काही नव्हतं. घरातला शेवटचा रेडिओ केव्हाच भंगारात गेला होता. उरलो मी!

रविवारी सर्वांच्या आधी गाडीत कोण येऊन बसलं असेल? अप्पा. इस्त्रीचा शर्ट घालून, पुढच्या सीटवर.

“अप्पा, तुम्हीही ऐकणार?” मालकीणबाईंनी मागच्या सीटवर बसता बसता विचारलं.

“पोरगी काय काय चुका करते, ते ऐकायला नको?” अप्पा म्हणाले.

मालकांनी माझ्या तोंडावरचं स्टँड उपटलं. मी मोकळा श्वास घेतला आणि ताबडतोब सूचना दाखवली. मालकांनी ‘मान्य’ दाबलं. तीन पानं, खाली, ‘इतर’, रेडिओ. लागला! कुणीतरी गृहस्थ कंगव्यावर कागद धरून गाणं वाजवत होते. तोच मी टुंग टुंग करू लागलो. पट्टा न लावता कुणी पुढे बसलं की मला ओरडावंच लागतं, गाडी जागची हलली नसली तरी.

“अहो अप्पा, पट्टा लावा,” मालकीणबाई म्हणाल्या.

“घरासमोर उभ्या गाडीत?”

“तो ऐकत नाही ना!”

अप्पांनी कुरकुरत पट्टा लावला. कंगवेवाले संपले. निवेदिका म्हणाली, “आता आपण ऐकणार आहोत शीळ,” आणि बाजूच्या फाटकातून भोंगा वाजला. शेजारचे काका! आमच्या गाडीनं त्यांचं फाटक अडवलं होतं.

“गाडी मागे घ्या हो! सासूबाई स्टेशनवर उभ्या आहेत!”

पुढे भिंत. मागे घेण्यावाचून इलाज नव्हता. मालकांनी इंजिन चालू करून मागचा गिअर टाकला आणि माझा आवाज बंद. मागचा गिअर पडला की मी मुका होतो आणि पडद्यावर मागचा रस्ता दाखवतो. हीसुद्धा सोयच. पडद्यावर फाटकातून डोकावणारे शेजारचे काका स्पष्ट दिसत होते, पण छोटी कुठेच ऐकू येत नव्हती.

“गिअर काढ!” अप्पा असे गरजले की मैदानावरचे बावीस जण जागीच थांबले असते.

मालकांनी गिअर काढला. आवाज आला. निवेदिका अजून छोटीचं कौतुकच करत होती. मालकांनी घाईघाईनं माझ्या सोयींच्या पानावर ती सोय बंद करायला बोट टेकवलं. मी म्हणालो, ‘हा पर्याय गाडी चालू असताना बदलता येत नाही.’ मित्रांनो, मला स्वतःलाच माझी लाज वाटली.

“उतरा!” मालकीणबाई दार उघडत म्हणाल्या. “ढकलू या!”

इंजिन बंद. चावी अर्धी फिरवलेली. मालक खिडकीतून एक हात आत घालून चाक धरतात, मालकीणबाई समोरून गाडी रेटतात, आणि काय चाललंय ते बघायला आलेले शेजारचे काकाही बाह्या सरसावून जोर लावतात. गाडी तसूतसूनं मागे सरकू लागली. आत एकटे अप्पा. आणि छोटीची शीळ सुरू झाली!

काय सांगू तुम्हाला! आधी बारीक, काचेवरून ओलं बोट फिरवावं तशी. मग ती चढली, वळली, वरच्या वर थरथरत राहिली. माझ्या स्पीकरांना आपण कशासाठी जन्मलो ते तेव्हा कळलं. ढकलणारी माणसं धापा टाकायची विसरली. अप्पांनी डोळे मिटले.

आणि नेमकी त्याच वेळी माझ्यातली शेवटची सोय जागी झाली. मला नको होतं, पण पडद्यावर अक्षरं उमटलीच: ‘बॅटरी वाचवण्यासाठी थोड्याच वेळात बंद होत आहे. चालू ठेवायचे असल्यास येथे दाबा.’ अक्षरं मुंगीएवढी. मी एकदा ‘टिंग’ केलं. अप्पांनी डोळे उघडले.

जवळचा चष्मा घरात राहिला होता. चष्म्याच्या दुकानदाराचे वडील, आणि पडद्यावर नुसतं धुकं! मालकांना हाक मारली तर तेवढी शीळ बुडणार. अप्पांनी ओठ घट्ट मिटले आणि पुढे वाकून बोट टेकवलं. मला कळलंच नाही. सुकलेली म्हातारी बोटं माझ्या पडद्याला समजत नाहीत. दुसरीकडे टेकवलं. काही नाही. अक्षरं फिकट होऊ लागली. मी आतून ओरडत होतो, ‘अप्पा, जरा डावीकडे!’ पण तशी सोय माझ्यात नाही.

अप्पांनी बोटाकडे पाहिलं. मग वर्तमानपत्राचं पान उलटताना लावत तसं ते जिभेला लावलं आणि माझ्या पडद्यावर, अगदी बरोबर जागी, टेकवलं.

अक्षरं गेली. शीळ राहिली! शेवटच्या सुरापर्यंत राहिली.

शेजारच्या काकांचं फाटक मोकळं होऊन बराच वेळ झाला होता, पण ते तिथेच उभे होते. तिकडे सासूबाईही उभ्याच होत्या.

थोड्या वेळानं फोन वाजला. तोही माझ्यातूनच वाजतो.

“दादा, ऐकलंत?” छोटीचा आवाज चिरकत होता. “अप्पांनी ऐकलं?”

मालकांनी अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी घसा खाकरला.

“दुसऱ्या कडव्याआधी तुझा श्वास कमी पडला.”

छोटी म्हणाली, “म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत?”

“अगं, शेवट ऐकल्याशिवाय निकाल कसा देणार?”

“मग काय निकाल?”

“पुढच्या रविवारी घरी ये,” अप्पा म्हणाले. “गच्चीवर नको जाऊस. माझ्यासमोर बसून वाजव.”

मित्रांनो, आमच्यावर चिडता तेव्हा एवढं लक्षात ठेवा. न मागितलेल्या शंभर सोयी आमच्यात कोंबलेल्या असतात. त्यांचा जाच तुमच्याआधी आम्हाला होतो. नखानं टोचू नका, ठोसे मारू नका. मऊ फडक्यानं पडदा पुसा. आणि घरात म्हातारं माणूस असेल तर माझ्यासारख्याची अक्षरं मोठी करून द्या. तशी सोय आमच्यात असते. कुठल्या पानावर असते ते मलाही ठाऊक नाही, पण शोधा. कारण त्या पानापलीकडे कुणीतरी त्यांच्यासाठी गात असतं.