दाजींचा चढा सूर

लॉन्ड्रीवाल्याचा आवाज असा, की चर्चमध्ये त्यानं पहिलं 'हालेलुया' म्हटलं की मागच्या बाकावर पेंगणारे खाडकन जागे व्हायचे. सगळे त्याला भोंगा म्हणायचे आणि तोही खुशाल ओ द्यायचा. सुराशी मात्र त्याचं कधी जमलं नाही.

त्याची बायको गायकवृंदात पुढे उभी राहायची. वृंदाला शिकवायचा तिचा धाकटा भाऊ, आणि सुरांच्या बाबतीत तो भलताच काटेकोर. एका रविवारी उपासना संपल्यावर तो म्हणाला, "दाजी, राग मानू नका. पण तुम्ही नुसते ओठ हलवले तर?"

भोंग्यानं बायकोकडे पाहिलं. ती पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

"चालेल की," तो हसून म्हणाला. "तेवढाच घशाला आराम."

मग गाणी अगदी निर्दोष होऊ लागली. पाळकांनीही कौतुक केलं. बायकोला मात्र घरी येताना रितं रितं वाटायचं. गाताना सगळं लक्ष कोण कुठे चुकतंय याकडे. शेवटचं 'आमेन' झालं की एकदाचं पार पडलं म्हणून सुटकेचा श्वास. हे असं कधीपासून होतंय, तिला आठवेना.

एका दुपारी ती डबा घेऊन लॉन्ड्रीत गेली. पुढे कुणी नव्हतं. मागच्या खोलीतून वाफेचा फुसफुसाट आणि त्याच्यावर मात करणारा तो आवाज येत होता. टेबलावर चर्चमधल्या वेदीचं पांढरं कापड पसरलेलं, आणि नवरा इस्त्री फिरवत, डोळे अर्धवट मिटून, घसा फाडून गात होता. ओळ चुकली की तीच पुन्हा, नव्या चुकीसह. चेहरा नुसता उजळलेला.

"अहो, कापड जळेल!"

तो दचकला. इस्त्री उभी करून ओशाळं हसला. "तिकडे नाही गं गात. इथं कुणाला त्रास नाही."

"रोज गाता?"

"न गाऊन कसं चालेल? त्यानं आपल्यावर एवढी माया करायची आणि आपण गप्प बसायचं? सूर चुकतो, पण प्रभू मला अजून थांब म्हणालेला नाही."

तिला हसू आलं. मग हळूच म्हणाली, "मला हल्ली काही वाटतच नाही हो गाताना."

त्यानं उपदेश केला नाही. कापडाचं एक टोक तिच्या हातात दिलं. "धर, घडी घालू. आणि गा. माझ्याबरोबर गाताना सुराचं टेन्शन नसतं."

दुसऱ्या कडव्यापर्यंत तीही पार भरकटली आणि खुदकन हसली. 'तू माझा हात सोडला नाहीस' ही ओळ तिनं वर्षानुवर्षं गायली होती. आज ती ओळ थेट आत गेली. ती गाणं सोडून नुसतं ऐकू लागली. तो दोघांच्या वाटचं गात राहिला.

रविवारी ती वृंद सोडून त्याच्या शेजारी येऊन बसली. तो ओठ हलवू लागताच तिनं कोपर मारलं. "गा की."

"आणि तुझा भाऊ?"

"त्याला मी बघते."

तो गायला, तीही मोकळ्या गळ्यानं गायली. पुढच्या बाकावरच्या आजींनी कानातलं यंत्र काढून हातात घेतलं आणि तरीही मान डोलावत राहिल्या.

नंतर भाऊ तणतणत आला. "ताई, सगळा विचका झाला!"

"झाला रे. पण मला आज किती आनंद झालाय, बघ तरी."

त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचा राग ओसरला. "बरं, पुढच्या रविवारी तरी वृंदात ये."

"येते. दाजींनाही आणू?"

त्यानं कोपरापासून हात जोडले.